आकडा कोणत्या सालातला?

बोट अजून वळणाआड आहे, पण धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसलेला तांडेल मान वर न करता सांगतो, "सहा सिलेंडर."

मुरुडच्या खोरा बंदरावर तुम्ही उभे आहात. ओहोटी लागली आहे, चिखलाचा खारट वास नाकात बसला आहे, पायाशी बर्फाच्या लादीचे तुकडे वितळताहेत. दोन मिनिटांनी बोट दिसते आणि ती खरंच सहा सिलेंडरची निघते. कसं ओळखलंत, असं तुम्ही विचारता. "ठोका ऐकायचा," तो म्हणतो, आणि पुन्हा जाळ्यात गुंततो.

इथे बोटीला एकवीरेचं नाव असतं, खंडोबाचं असतं, नाहीतर घरातल्या लेकीचं. ते हाक मारायला. धंद्याचं बोलणं निघालं की मात्र बोट दोनची, चारची की सहाची एवढंच विचारतात. त्या एका आकड्यात ती किती लांब जाणार, किती दिवस बाहेर राहणार, किती डिझेल पिणार, सगळं येतं. शिवाय बाजूवर नोंदणीची अक्षरं आणि आकडे रंगवलेले असतात, ते सरकारी वहीसाठी. एका बोटीची तीन नावं, आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या कामाची. हे मनात ठेवा, रेल्वेच्या डिझेल इंजिनासमोर उभं राहिल्यावर लागेल.

मुरुडात रूळ कधी आले नाहीत. इथल्या माणसाला रेल्वे विचारा, तो डोंगराकडे हात करतो, कारण रेल्वे म्हणजे डोंगरापलीकडचं रोहा. एसटीत बसायचं, जंगल ओलांडायचं, रोह्याला उतरायचं. मीही लहानपणी असाच गेलो, आणि फलाटावर उभ्या इंजिनाच्या कपाळावरची ती अक्षरं पाहून वडिलांना विचारलं, हे काय लिहिलंय? ते म्हणाले, इंजिनाचं नाव. मग नावाचा अर्थ काय? त्याचं उत्तर मिळायला मला पुष्कळ वर्षं लागली. कारण ते उत्तर एका सालात मिळत नाही. त्या नावातल्या आकड्याचा अर्थ मध्येच बदलला आहे, आणि तो वाचायचा तर आपण कोणत्या सालात उभे आहोत हे आधी ठाऊक असावं लागतं. म्हणून चला. रोह्याला जाऊच, पण वाकडी वाट करून.

साल १९५६ धरा. पावसाळा संपलेला आहे, बोटी सुरू झाल्या आहेत. मुरुडाहून मुंबईला तुम्ही समुद्रमार्गे निघाला आहात, आणि तुमच्या शेजारची म्हातारी या बोटीला अजून 'आगबोट' म्हणते. भायखळ्याहून सुटणारी ती 'आगगाडी'. आपल्या आज्यापणज्यांनी यंत्राला दिलेलं हे पहिलं मॉडेलचं नाव आहे, आणि ते किती नेमकं आहे पाहा: चालतं कशावर, हे पहिल्या दोन अक्षरांत सांगून टाकलं. आता आगगाडीत बसा आणि नेरळला उतरा. हाही आपलाच जिल्हा, त्या काळी कुलाबा म्हणायचे.

नेरळला दोन रेल्वे शेजारी शेजारी उभ्या राहतात. एकीकडे मुंबई-पुण्याची मोठी लाइन, दुसरीकडे माथेरानची. अंतर मोजायला टेप नको, पाऊल पुरे. मोठ्या लाइनीच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. माणूस आडवा झोपला तर बहुतेक मावेल. माथेरानच्या दोन रुळांमध्ये ६१० मिलिमीटर, दोन फूट. एक पाय उचलून टाकला की पलीकडे. १९०७ साली ही लाइन सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली, आणि जर्मनीतल्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची चार वाफेची इंजिनं घाट चढू लागली. वळणं इतकी तीव्र की चाकांच्या आसाला थोडं सरकता यावं अशी सोय त्यांत करावी लागली. त्या चौघांना लोक पुढे ७३८ ते ७४१ या नंबरांनीच ओळखत. माथेरानला सातशे इंजिनं कधी नव्हती. तो नंबर मोठ्या रेल्वेच्या वहीतला.

पण १९५०च्या दशकाच्या मध्यावर इथे नवी पाहुणी आली आहे. तीही जर्मनीचीच, युंग कंपनीची, पण हिच्या पोटात आग दिसत नाही, कोळसा नाही, पाण्याची टाकी नाही. जवळ जा. तिचा वर्ग आहे एनडीएम-१. आता अक्षर अक्षर सुटं करा. 'एन' म्हणजे दोन फुटी रूळ. 'डी' म्हणजे डिझेल. 'एम' म्हणजे मिश्र काम, प्रवासीही ओढायचे आणि मालही. आणि '१' म्हणजे या जातीचं पहिलं. आजीच्या 'आग'ची जागा इथे मधल्या 'डी'ने घेतली आहे.

पहिल्या अक्षराची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे, कारण ती बहुतेक ठिकाणी उलटी सांगतात. रेल्वेची पुस्तकं म्हणतात: डब्ल्यू म्हणजे वाइड, मोठी लाइन. वाय म्हणजे यार्ड, मीटर गेज. झेड म्हणजे अडीच फुटी, एन म्हणजे दोन फुटी. लक्षात ठेवायला ठीक आहे. पण १९२०च्या दशकात देशभरासाठी प्रमाण इंजिनं ठरवली गेली तेव्हा मोठ्या लाइनीला एक्स होतं: एक्सए, एक्सबी, एक्ससी. मीटर गेजला वाय, अडीच फुटीला झेड. एक्स, वाय, झेड, वर्णमालेची शेवटची तीन अक्षरं, तीन रुंदींना. मोठ्या लाइनीला डब्ल्यू रूढ झालं ते महायुद्धानंतर, जेव्हा १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून डब्ल्यूपी जातीची वाफेची इंजिनं आली. वाय आणि झेड तसेच राहिले. म्हणून मला वाटतं, 'वाय म्हणजे यार्ड' ही नंतर बसवलेली समजूत असावी. अक्षर आधी आलं, अर्थ मागून. आपल्या इंजिनांच्या नावांत हे पुन्हा पुन्हा होतं.

'एम'वरही नजर ठेवा. पी म्हणजे फक्त प्रवासी, जी म्हणजे फक्त माल, एस म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं. हे तिन्ही परवडायला देश श्रीमंत लागतो. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने बाहेरून घेतलेल्या पहिल्या मोठ्या डिझेल इंजिनांवर 'एम' लिहिलं, कारण त्याच इंजिनाला रात्री मेल न्यायची होती आणि सकाळी कोळसा. त्या एका अक्षरात मला त्या पिढीची काटकसर दिसते, आणि तिच्याबद्दल आदर वाटतो.

आता जानेवारी १९६४. तुम्ही वाराणसीत आहात, डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सच्या आवारात, कडाक्याच्या थंडीत. कारखाना तीन वर्षांपूर्वी उभा राहिला, आणि आज इथे बांधलेलं पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडतं आहे: डब्ल्यूडीएम-२. याच जातीची पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेहून, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या आल्को कंपनीकडून आली. आल्कोच्या कागदांत याला डीएल५६०सी म्हणतात. भारतीय रेल्वेने डब्ल्यूडीएम-२ म्हटलं. आणि ड्रायव्हर, फिटर, गार्ड, पुढे रेल्वेवेडी पोरं, सगळी त्याला नुसतं 'आल्को' म्हणतात, कंपनी बंद पडून दशकं उलटली तरी. तीन नावं, खोरा बंदरावरच्या बोटीसारखी.

इथे थांबून एक परीक्षा द्या. तुम्ही पुढच्या काळातून आलेले आहात, तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं आहे की आकडा म्हणजे हजार अश्वशक्ती. मग डब्ल्यूडीएम-२ म्हणजे दोन हजार? कारखान्यातल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, नाही हो, २६००. मग त्याच्याआधीचं डब्ल्यूडीएम-१? १९५७-५८ सालची ती शंभर इंजिनं, तीही आल्कोचीच, १८००च्या आसपासची. आणि डब्ल्यूडीएम-४? तीही १९६२ची, जनरल मोटर्सची. पुढे १९६९ साली दिल्ली-हावडा मार्गावरची पहिली राजधानी याच जातीने ओढली. तिची ताकद? पुन्हा २६००. दोनचीही २६००, चारचीही २६००. पुढे डब्ल्यूडीएम-३ नावाची हेन्शेल कंपनीची मोजकी इंजिनंही आली, त्यांची २५००. १९६४ मध्ये हा आकडा ताकद सांगतच नाही. तो रेशनच्या रांगेतल्या टोकनसारखा आहे, तुमच्या आधी कितीजण होते एवढंच सांगतो.

अमेरिकेतही नावं अशीच गोठतात. जनरल मोटर्सने १९३०च्या दशकात प्रवासी इंजिनांना 'ई' नाव दिलं, कारण त्यांची ताकद १८०० होती आणि इंग्रजीत अठराशे हा शब्द ई पासून सुरू होतो. 'एफ' आलं १४०० वरून, आणि खरी ताकद १३५० होती. पुढे ई-८ मॉडेल २२५०चं झालं, एफ-७ १५००चं, तरी अक्षर जुनंच राहिलं. म्हणजे तिकडे अक्षर ताकदीचं आणि आकडा रांगेतला. आपल्याकडे याच्या उलट व्हायचं होतं.

आणखी एक गोष्ट वाराणसीतच पाहून घ्या. इंजिनाच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत पाच आकडी नंबर रंगवला जातो आहे. मॉडेल म्हणजे आडनाव, हा नंबर म्हणजे त्या एका इंजिनाचं स्वतःचं नाव. डब्ल्यूडीएम-२ला १६ हजारांतले, १७ हजारांतले, १८ हजारांतले नंबर मिळाले. सवय झाली की लांबून नंबर दिसताच जात कळते, जसं मुरुडात दोन घरं टाकून उभं राहिलं तरी आवाजावरून माणूस कुणाकडचा ते कळतं.

त्याच १९६४ मध्ये दिवा ते पनवेल लाइन सुरू झाली, दोन वर्षांनी आपट्यापर्यंत आली. मग वीस वर्षं ती तिथेच. १९८६ साली रोहा. मुरुडकराच्या दृष्टीने रेल्वे त्या वर्षी आली. पुढचं पटकन सांगतो: १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला कोकण रेल्वेची कोनशिला बसली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री, आणि कामाची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे. जून १९९३ मध्ये रोहा ते वीर गाडी धावली. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. कोकण रेल्वेचं अंतर मोजायला रोह्यापासूनच सुरुवात होते.

तर १९९८. आता रोह्याच्या फलाटावर नीट उभे राहा, घाई करू नका. तुम्ही मुरुडच्या पहिल्या एसटीने आलेले आहात. धाटावच्या कारखान्यांचा वास हवेत आहे. दक्षिणेकडे जाणारी गाडी क्रॉसिंगसाठी थांबली आहे, आणि इंजिन नेमकं तुमच्यासमोर आहे.

आधी कान. ते उभं आहे तरी गप्प नाही. मिनिटाला चारशे फेऱ्यांवर पोटातलं यंत्र फिरत असतं, आणि प्रत्येक ठोका तुमच्या चपलेच्या तळव्यातून वर येतो. हात लांब करा, पण पत्र्याला लावू नका. एका विताच्या अंतरावरूनही धग लागते. बाजूच्या जाळीतून तेलाचा, गरम रंगाचा, ब्रेकच्या लोखंडाचा मिसळलेला वास येतो. तोंडावर पाच आकडी नंबर. केबिनच्या खिडकीखाली डब्ल्यूडीएम-२, आणि शेडचं नाव. नंबर मोठा, मॉडेल लहान, आणि कशाची कुणाला गरज पडते त्यावरून हे मोठं-लहान ठरलेलं आहे. सिग्नलच्या केबिनला नंबर हवा, शेडच्या फिटरला मॉडेल.

आता पोटात काय आहे ते ऐका. १६ सिलेंडर, आठ-आठच्या दोन रांगा, इंग्रजी व्हीच्या आकारात झुकलेल्या. प्रत्येक सिलेंडर ९ इंच रुंद, आणि त्यातला पिस्टन साडेदहा इंच खालीवर होतो. मुरुडच्या तांडेलाला हे सांगितलं तर तो तीन बोटींची बेरीज करून हसेल. हे यंत्र चाकांना थेट फिरवत नाही. ते वीज तयार करतं, आणि ती वीज सहाही आसांवरच्या मोटारींना जाते. सगळं मिळून वजन सुमारे ११३ टन. यंत्राचंही स्वतःचं मॉडेल असतं: आल्को २५१बी. नावात आणखी एक नाव.

सिग्नल पडतो. ड्रायव्हर हँडल एक घर पुढे घेतो. आठ घरं असतात, त्यांना नॉच म्हणतात. पहिल्या नॉचला काही घडल्यासारखं वाटत नाही. दुसऱ्याला आवाज जाड होतो. तिसऱ्या-चौथ्याला धुराड्यातून काळा लोट उठतो, कारण डिझेल आत गेलं आणि हवा देणारा टर्बो अजून वेग घेतो आहे. तो मागे पडला की अर्धवट जळलेलं डिझेल काळं होऊन बाहेर येतं. मग टर्बोची शिट्टी चढते, धूर विरतो, आणि सतराव्या-अठराव्या डब्यापर्यंत एकेक कडी ताणल्याचा आवाज मागे जातो. पाचशे माणसं एका हँडलाने हलली. गाडी वीरच्या दिशेने वळते, आणि तिचा ठोका तुम्हाला बराच वेळ ऐकू येत राहतो. मला हे इंजिन आजही सगळ्यांत जास्त आवडतं, आणि त्याचं कारण त्याची ताकद नाही. ते काय करतं आहे ते सगळं ऐकू येतं.

याच वर्षी वाराणसीने डब्ल्यूडीएम-२ बांधणं थांबवलं. १९६२ पासून अडीच हजारांहून जास्त झाली होती.

आता तीन-चार वर्षं पुढे या, नव्या शतकात. तुम्ही एका डिझेल शेडमध्ये आहात, कल्याणची समजा. खड्ड्यावर उभ्या इंजिनाजवळ एक रंगारी शिडी लावून चढला आहे. इंजिन १९९४ नंतरचं, त्याच आल्को घराण्यातलं, पण ताकद वाढवून ३१०० केलेली. आजवर त्याच्यावर डब्ल्यूडीएम-२सी लिहिलेलं होतं. रंगारी ब्रश बुडवतो, '२सी' बुजवतो, रंग सुकेपर्यंत विडी ओढतो, आणि तिथे लिहितो '३ए'. इंजिनाचा एक स्क्रूही बदललेला नाही. नंबर तोच. आडनाव बदललं.

का? कारण आता रेल्वेने आकड्याला नवा अर्थ दिला. आकडा म्हणजे हजार अश्वशक्ती, आणि मागचं अक्षर म्हणजे वरचे शेकडे. ए म्हणजे १००, बी म्हणजे २००, सी म्हणजे ३००. ३ए म्हणजे ३१००. मालगाडीचं डब्ल्यूडीजी-२ होतं, तेही याच हिशेबाने डब्ल्यूडीजी-३ए झालं. पूर्वी मागच्या अक्षराचा अर्थ वेगळाच होता. डब्ल्यूडीएम-२ए म्हणजे ज्याला नंतर हवेचे ब्रेक बसवले ते, २बी म्हणजे ज्याला ते जन्मापासून होते ते. १९९०मधला फिटर 'ए' पाहून ब्रेक तपासायचा. आताचा फिटर 'ए' पाहून शंभर मोजतो. अक्षर तेच, प्रश्न बदलला.

मला हा बदल योग्य वाटतो. रेल्वेवर जाती वाढल्या होत्या, ताकदी वाढल्या होत्या, आणि कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला हातातलं इंजिन घाटात किती डबे ओढेल हे नाव वाचूनच कळायला हवं होतं. रांगेतला क्रमांक त्याच्या काय कामाचा? पण जुन्या डब्ल्यूडीएम-२ला कुणी शिडी लावली नाही. नव्या हिशेबाने ती २६०० म्हणून २एफ व्हायला हवी होती. ती शेवटपर्यंत २च राहिली, म्हणून त्याच शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन इंजिनांवर २ आणि ३ लिहिलेलं असताना, २ म्हणजे दुसरी जात आणि ३ म्हणजे तीन हजार, असे दोन वेगळे अर्थ घेऊन वाचावं लागतं. काही जुन्या इंजिनांचं पतियाळाच्या कारखान्यात पुनर्जन्मासारखं काम झालं. ती ३ए होऊन परतली तेव्हा जुना नंबर तसाच ठेवून त्याच्यापुढे फक्त 'आर' जोडलं गेलं. त्या 'आर'मध्ये मागचा सगळा इतिहास राहिला.

नवा नियमही फार दिवस सरळ चालला नाही. डब्ल्यूडीएम-३डी या नावाचा हिशेब ३४०० येतो, इंजिन ३३००चं. जनरल मोटर्सच्या घराण्यातलं डब्ल्यूडीपी-४ हे ४०००चं, तिथे आकडा बरोबर जुळतो. पण त्याचंच पुढचं ४बी ४५००चं, आणि दोन्ही टोकांना केबिन असलेलं ४डीही ४५००चं. कोकणच्या लाइनीवर ४डी पुष्कळ दिसायची, आणि फलाटावरची पोरं सरळ सांगायची, डी म्हणजे डबल केबिन. पुन्हा तेच: अक्षर आधी, अर्थ मागून.

या ४ च्या घराण्याच्या पोटात मात्र एक नाव आहे जे तांडेलाला लगेच पटेल. यंत्राचं मॉडेल १६-७१०. १६ म्हणजे सिलेंडर. आणि ७१० म्हणजे एकेका सिलेंडरात मावणारी जागा, घन इंचांत. या कंपनीची त्याआधीची यंत्रं ५६७ आणि ६४५, तीही याच मापाने. किती सिलेंडर, आणि सिलेंडर केवढा. खोरा बंदरावर याहून वेगळं काही विचारत नाहीत.

आता जून २०२२. पुन्हा रोहा. २० जूनला कोकण रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं आहे. रुळांवर तारा ताणलेल्या आहेत, पाऊस तारांवरून ओघळतो आहे. गाडी येते, आणि तुम्हाला ती आधी दिसते, ऐकू येत नाही. इंजिनावर डब्ल्यूएपी-७. डीच्या जागी ए, म्हणजे एसी वीज. पी म्हणजे प्रवासी. आणि ७?

शेडमधला रंगारी आठवून तुम्ही म्हणता, सात हजार. चूक. ते सहा हजारांहून थोडं जास्त आहे. विजेच्या इंजिनांचा आकडा रांगेतलाच राहिला. हजारांचा नवा हिशेब आला तो डिझेलपुरताच. म्हणजे तुम्ही १९६४ मध्ये नापास झालात तसेच २०२२ मध्येही झालात. एका बाजूला मालाच्या रुळावर एखादं डिझेल अजून उभं असतं, त्याच्या नावात ३ म्हणजे तीन हजार. चाळीस पावलांवरच्या मुख्य फलाटावर ७ म्हणजे सातवं. वाचणाऱ्याने आधी विचारायचं, हे नाव कुणी, कधी आणि कुणासाठी लिहिलं.

इंजिन सुटतं. धूर नाही, शिट्टी नाही, एक बारीक घरघर आणि मग डब्यांचा खडखडाट. हवा स्वच्छ आहे, डिझेल वाचलं आहे, आणि हे चांगलंच झालं. तरीही फलाटाच्या टोकाला उभा असलेला एक म्हातारा पोर्टर गाडी गेल्यावर क्षणभर तसाच उभा राहतो, त्या जुन्या ठोक्याची वाट पाहिल्यासारखा.

शेवटच्या एसटीने तुम्ही मुरुडला परत येता. आजचंच साल आहे. अंधार पडायला आला आहे, भरती चढते आहे, खोरा बंदरावरचे दिवे पाण्यात लांब झाले आहेत. तांडेलाचं जाळं अजून संपलेलं नाही. वळणाआडून बोट येते आहे. बंदरावरचा एक पोरगा अंधारात डोळे ताणून ओरडतो, आली रे, चारची आली.

तुम्ही ऐकता. ठोका दाट आहे, दोन ठोक्यांमधली जागा कमी. धीर करून म्हणता, "सहा."

तांडेल या वेळी मान वर करतो. तुमच्याकडे पाहतो.

"सहाच," तो म्हणतो. "पावसाळ्याच्या बंदीत मशीन बदललं त्यानं. पण चारची म्हणून नाव पडलंय, ते कोण बदलणार?"